लिस्बनला सहा दिवस: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पहिल्यांदा युरोपला जाताय ना, मग एकच शहर धरा आणि तिथं नीट राहा, आणि मला विचाराल तर ते शहर लिस्बन असू दे. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, त्यामुळे फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न (डोंबिवली): आम्ही दोघं रिटायर झालोय, पहिलीच परदेशवारी आहे. टूरवाले दहा दिवसांत सहा देश दाखवतो म्हणतात, मुलगा म्हणतो तुमचा लेख वाचून लिस्बनलाच जा. पण एवढा खर्च करून एकच गाव बघायचं म्हणजे पैसे वाया नाही का जाणार? आणि सहा दिवस तिथं करायचं काय?

काका, मुलाचं ऐका. सहा देशांच्या टूरमध्ये निम्मा वेळ बसमध्ये जातो, रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, आणि परत आल्यावर कुठला चौक कुठल्या देशातला तेच आठवत नाही. माझ्या मावशीचं असंच झालं, फोटो दीड हजार आणि सांगायला गोष्ट एकही नाही. तुमचे पैसे वाया जायचे नसतील तर एका ठिकाणी थांबा.

आता करायचं काय ते सांगते, पण आधी एक तारीख लक्षात ठेवा, ती कळली की अख्खं शहर कळतं. १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या पुढे, सगळी चर्चं माणसांनी भरलेली, सणाच्या मेणबत्त्या पेटलेल्या, आणि तेवढ्यात भूकंप झाला. जे वाचले ते नदीकाठच्या मोकळ्या जागेत पळाले, तर नदीचं पाणी आधी मागे हटलं आणि मग लाटा होऊन अंगावर आलं, आणि उरलंसुरलं होतं ते आगीत जळलं, कित्येक दिवस आग विझत नव्हती. राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं, हजारो माणसं गेली. त्यामुळे लिस्बनमध्ये जे बघाल ते एक तर त्या सकाळच्या आधीचं असतं नाहीतर नंतरचं, मी प्रत्येक इमारतीसमोर आधी हेच विचारायचे.

म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांसारखं बेलेमला, म्हणजे जेरोनिमोस मठ आहे त्या नदीकाठच्या भागात, धावू नका. बायशात फिरा, म्हणजे शहराचा खालचा सपाट भाग. भूकंपानंतर पोंबाल नावाच्या मंत्र्यानं तो नव्यानं वसवला, सरळ रस्ते, काटकोनात चौक, एका उंचीच्या इमारती. भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा घातला, त्याला तिथं गायोला म्हणजे पिंजरा म्हणतात, जमीन हलली की लाकूड थोडं हलतं पण घर बसत नाही, आणि हे खरंच चालतं का बघायला नमुन्याच्या घराभोवती सैनिकांना दणादण कवायत करायला लावली होती असं सांगतात. रस्त्यांची नावं बघा, सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. आपल्याकडे तांबट आळी, कासार आळी असते तसंच. रस्ता संपतो तिथं नदीवरचा मोठा चौक, प्रासा दु कोमेर्सियो, तिथंच तो राजवाडा होता, आणि अडीचशेहून जास्त वर्षं झाली तरी लिस्बनची माणसं अजून त्या चौकाला जुन्या नावानंच हाक मारतात, तेरेइरू दु पासू, म्हणजे राजवाड्याचं अंगण. राजवाडा नाही पण अंगण आहे. मला हे फार लागलं मनाला.

त्याच दिवशी चढून कार्मोच्या मठात जा. भूकंपात छप्पर कोसळलं ते पुन्हा पूर्ण घातलंच नाही, उंच गॉथिक कमानी तेवढ्या उभ्या आणि वर नुसतं आभाळ. आम्ही गेलो तेव्हा बारीक पाऊस पडत होता, चर्चच्या मध्यभागी गवतावर पाऊस पडतोय आणि सगळे कडेला भिंतीला चिकटून गप्प उभे. आणि रोसियू चौकाच्या बाजूला साओ दोमिंगोस चर्च आहे, टूरवाले नेत नाहीत तिथं, पण जाच. १५०६ मध्ये तिथून ज्यूंची कत्तल सुरू झाली, १७५५ मध्ये ते पडलं, आणि १९५९ मध्ये आत मोठी आग लागली. आगीनंतर खांब गुळगुळीत नाही केले, तडकलेले, ढलप्या निघालेले दगड तसेच ठेवलेत आणि त्याच्यावर मऊ विटकरी रंगाचं छत. मी एका खांबावर हात ठेवला तर खरखरीत, कोपरे उडालेले, बोटं आत जातील एवढ्या खाचा. बाजूला एक म्हातारी रोजच्यासारखी येऊन बसलेली, पिशवीत भाजी.

दुसरा दिवस अल्फामाला द्या, हा भूकंपाच्या आधीचा भाग, टेकडीवरचा, तिथली बरीच घरं टिकली. नाव अरबी, अल-हम्मा म्हणजे गरम पाण्याचे झरे, कारण ११४७ पर्यंत इथं मुस्लिम राज्य होतं, मग पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एन्रिकेश यानं वेढा घालून शहर घेतलं. वर किल्ला आहे, साओ जॉर्जे. तिथं सकाळी लवकर जा आणि मग गल्ल्यागल्ल्यांतून खाली उतरत या, नकाशा खिशात ठेवा, खाली उतरत राहिलात की नदी येतेच. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरातल्या भांड्यांचा आवाज येतो, वर दोऱ्यांवर कपडे वाळत. सांता लुझियाच्या गच्चीवर निळ्या टाइल्सचं एक मोठं चित्र आहे, त्यात तो नदीकाठचा चौक भूकंपाच्या आधी कसा होता ते दाखवलंय, राजवाड्यासकट. आदल्या दिवशी तो चौक पायाखालून गेलेला असेल तर ते चित्र बघताना अंगावर काटा येतो.

बेलेम तिसऱ्या दिवशी, त्याबद्दल पुढे पणजीच्या पत्राला सविस्तर लिहिलंय. चौथा दिवस टाइल म्युझियम आणि जुन्या चित्रांचं नॅशनल म्युझियम, पाचवा सिंत्रा, म्हणजे लोकलनं जाता येणारं जवळचं राजवाड्यांचं गाव, सहावा मोकळा ठेवा. खरंच मोकळा. काइश दु सोद्रेहून फेरी पकडून नदीपलीकडे कासिल्यासला जा, दहा मिनिटांचा प्रवास आहे, आणि तिथून अख्खं शहर समोर बघत बसा. सोमवारी बरीच म्युझियम बंद असतात आणि दुरुस्तीसाठी कधी कुठली इमारत महिनोन्महिने बंद असते, त्यामुळे दिवस ठरवायच्या आधी प्रत्येक ठिकाणाची साइट मुलाला उघडून बघायला सांगा.

प्रश्न (नाशिक): आईचं वय ६८, गुडघे दुखतात. लिस्बन सात टेकड्यांवर आहे असं वाचलं. तिला न्यावं का?

न्या, पण हॉटेल बायशात घ्या, सपाट भागात. टेकडीवरचं घर फोटोत सुंदर दिसतं आणि दोनशे रुपये स्वस्त पडतं पण रोज रात्री आईला चढवणार कोण. बायशातून किल्ल्याकडे जायला दोन सरकारी लिफ्ट आहेत, एक रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावरच्या इमारतीतून, तिथून बाहेर पडून थोडं चाललं की दुसरी, तिकीट नाही, आणि बऱ्याच टुरिस्टांना माहीतच नाही. किल्ल्याच्या दारापर्यंत ७३७ नंबरची बस जाते.

खरा धोका चढाचा नाही, फुटपाथचा आहे. पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बसाल्टचे बारीक बारीक दगड हातानं बसवून नक्षी केलेली असते, रोसियूला तर लाटा लाटा आहेत, बघताना डोळे फिरतात, पण लाखो पावलांनी ते दगड गुळगुळीत झालेत आणि पावसात साबण लावल्यासारखे होतात. रबरी सोलचे, पकड असलेले बूट आईसाठी इथूनच घ्या आणि महिनाभर आधी घालून सवय करा. पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्चमध्ये, म्हणून तिला मे नाहीतर सप्टेंबरअखेरीस न्या. मेच्या शेवटी जॅकरांडा फुलतो, रस्तेच्या रस्ते जांभळे.

ट्राम २८ बद्दल सगळे विचारतात. लाकडी बाकांची जुनी पिवळी ट्राम, मार्तिं मोनिझहून निघते आणि ग्रासा, अल्फामा, बायशा करत कांपो द ओरिकला जाते. दुपारी त्यात उभं राहायला जागा नसते आणि खिसेकापूही तिथंच असतात. सकाळी साडेसात-आठला पहिल्या स्टॉपवरून बसवा आईला खिडकीशी, पूर्ण फेरी, तिला एक पाऊलही न चालता निम्मं शहर दिसेल. उतारावर ड्रायव्हर उभा राहून ब्रेकचं चाक फिरवतो आणि रुळावर वाळू पडते ती करकर ऐकू येते, भिंत खिडकीपासून हातभर. आणि ते चढावरचे फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढले जाणारे डबे, त्यातल्या ग्लोरियाच्या डब्याला ३ सप्टेंबर २०२५ ला भीषण अपघात झाला, १६ जणांचा जीव गेला. आईचा प्लॅन फ्युनिक्युलरवर अवलंबून ठेवू नका, बस आणि टॅक्सी धरून आखा.

प्रश्न (पुणे): आम्ही शाकाहारी, अंडंही फक्त केकमधलं चालतं. पोर्तुगालमध्ये सगळीकडे मासेच असं ऐकलं. उपाशी राहू का?

नाही राहणार, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. सूप सगळीकडे मिळतं, स्वस्त आणि पोटभर, पण काल्दू वेर्द नावाचं जे हिरव्या पानांचं आणि बटाट्याचं प्रसिद्ध सूप आहे त्यात वर सॉसेजची चकती टाकतात, म्हणून ऑर्डर देतानाच "सें कार्ने, सें पेइशे" म्हणा, म्हणजे मांस नको, मासा नको. नुसतं वेज म्हटलं तर काही जण टूना आणून ठेवतात, त्यांच्या लेखी तो मांसात येत नाही. एक पदार्थ मात्र तुमच्यासाठीच आहे असं समजा, पेइशिन्यूश दा ओर्ता, अर्थ "बागेतले छोटे मासे", आणि त्यात मासा अजिबात नाही, हिरव्या घेवड्याच्या शेंगा पिठात बुडवून तळतात. आपली भजीच की! पिठात अंडं असतं कधी कधी, विचारून घ्या. जपानी टेंपुराचं मूळ यातच आहे असं मानतात, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात नेलं तिकडे.

टेबलावर बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. आम्हाला एका ठिकाणी त्याचेच बारा युरो लागले, आम्ही आपलं आदरातिथ्य समजून सगळं संपवलं होतं. नको असेल तर हसून परत करा, कोणी वाईट मानत नाही.

पास्तेल द नाता हा त्यांचा गोड पदार्थ, कुरकुरीत वाटीत अंड्याच्या पिवळ्याचं कस्टर्ड, वर दालचिनी. जेरोनिमोसच्या मठात बनायचा, १८३४ मध्ये देशातले मठ बंद केले, आणि १८३७ पासून बेलेममधलं एक दुकान तो विकतंय. मठांत कपड्यांना खळ द्यायला अंड्याचं पांढरं वापरायचे आणि पिवळं उरायचं, म्हणून पोर्तुगालची निम्मी मिठाई पिवळ्याची असं तिथले लोक सांगतात. तुमच्या नियमात बसतं का ते तुम्ही ठरवा, मी रोज दोन खाल्ले.

अगदीच डाळभाताची आठवण आली तर मार्तिं मोनिझला जा, मेट्रो स्टेशन त्याच नावाचं, भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानांची रांगच आहे, डाळी मसाले सगळं मिळतं. लुमियारला राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिकमधून आलेल्या गुजराती लोकांनी उभं केलेलं, तिथल्या कँटीनमध्ये पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. जायच्या आधी वेळ विचारून घ्या.

प्रश्न (पणजी): माझे आजोबा गोवामुक्तीच्या चळवळीत होते. नवऱ्याला लिस्बनला जायचंय, माझं मन तयार होत नाही. वास्को द गामाच्या थडग्यासमोर उभं राहून मी काय करू? तुमच्या लेखात तुम्ही याबद्दल काहीच लिहिलं नाही.

ताई, लेखात लिहायला हवं होतं, तुमचं बरोबर आहे. पत्र वाचल्यावर दोन दिवस तेच डोक्यात होतं.

बेलेमचा जेरोनिमोस मठ १५०१ मध्ये बांधायला घेतला, राजा मानुएलनं, आणि पैसा आला आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांवरच्या मालातूनही. दगडात दोरखंड कोरलेत, गाठी, समुद्रातली पोवळी, नांगर. आत शिरल्यावर एका बाजूला वास्को द गामाची समाधी, दुसऱ्या बाजूला कवी कामोइंशची. आत जायला वेळेचं तिकीट आणि वेगळ्या रांगा असतात, ते आधी बघून घ्या. माणसं फोटो काढत असतात. मी तिथं उभी राहिले तेव्हा माझ्या मनात काय आलं तर वसई. चौलचा पडका कोट. मुलं क्रिकेट खेळतात ती रेवदंड्याची तटबंदी. ते दगड आणि हे दगड एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, आणि आपण फक्त एकच बाजू बघितलेली असते. म्हणून मी म्हणते की आपण जायला पाहिजे. नमस्कार करायला नाही, हिशेब पूर्ण बघायला.

शहरात खाली, अल्फामाच्या पायथ्याशी, काझा दुश बिकुश नावाचं घर आहे, दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड. ते १५२३ च्या सुमारास बांधलं ब्राश द अल्बुकेर्क यानं, आणि त्याचा बाप कोण तर १५१० मध्ये गोवा घेणारा अफोन्सो द अल्बुकेर्क. ज्याच्या नावावरून हापूस पडलं असं आपण मानतो तोच. १७५५ मध्ये वरचे मजले पडले, ते १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. आज तिथं नोबेल मिळालेले लेखक जोसे सारामागो यांच्या नावाचं फाउंडेशन आहे आणि समोर एका ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी पुरल्यात. सारामागो पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीच्या विरोधात उभे राहिलेले लेखक. अल्बुकेर्कच्या मुलाच्या घरात त्यांचं नाव आहे, हे मला त्या शहराबद्दल बरंच काही सांगून गेलं.

तिथून पाच मिनिटांवर, कॅथेड्रलच्या बाजूला, आल्जुबे. सालाझारच्या काळात राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, २०१५ पासून म्युझियम आहे. आत त्या कोठड्या दाखवल्यात, जेमतेम माणूस आडवा होईल एवढ्या. ज्या राजवटीनं तुमच्या आजोबांना छळलं तिनं स्वतःच्या लोकांना काय केलं ते तिथं भिंतीवर नावांसकट लिहिलंय. तिथं गेलात की आजोबा एकटे नव्हते असं वाटतं.

आणि एक प्रवास तुम्ही कराच. काइश दु सोद्रे स्टेशनहून कशकाइशला लोकल जाते, नदीच्या कडेकडेनं, बेलेमवरूनच. टुरिस्ट बीचला जायला त्या गाडीत बसतात. वाटेत काशियास नावाचं स्टेशन लागतं. तिथल्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा माणूस, मराठी शिक्षक म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात आले, बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून १९५५ मध्ये पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालला नेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तिकडे पेढे वाटले, आणि हा माणूस इथं आतच. पुढची सात वर्षं. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती खटपट केली ते जुन्या वाचकांना आठवत असेल. जानेवारी १९६९ मध्ये सुटले. मी त्या गाडीत होते तेव्हा दुपारची वेळ, डब्यात कॉलेजची पोरं गाणी लावून बसलेली, बाहेर चमचमतं पाणी, आणि स्टेशनच्या पाटीवर ते नाव आलं. गाडी अर्धा मिनिट थांबली. तुरुंगात बघायला जाता येत नाही, बघायचंही नाही, पण ती पाटी दिसली की उठून उभी राहिले, का ते माहीत नाही, डब्यात कुणालाच कळलं नसेल.

आता कार्मोच्या मठासमोरचा चौक. २५ एप्रिल १९७४ ला सैन्यानंच बंड केलं, सालाझारनंतरचा हुकूमशहा कायतानो या चौकातल्या बराकीत लपला होता, हजारो माणसं झाडांवर, टपांवर चढून बसली होती, संध्याकाळी तो शरण आला. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत कार्नेशनची फुलं खोचली. आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालनं करार करून गोवा भारताचा आहे हे मान्य केलं, म्हणजे तेरा वर्षांनी. तुमच्या आजोबांच्या लढ्याची शेवटची सही एका अर्थानं त्या चौकात पडली. २५ एप्रिलला तिथं सुट्टी असते, लोक लाल फुलं घेऊन रस्त्यावर उतरतात. जमलं तर त्याच आठवड्यात जा ताई, आणि आजोबांचा एखादा फोटो सोबत असू द्या.

प्रश्न (मूळ इचलकरंजी, सध्या जर्मनीत शिक्षण): मी एकटी मुलगी, चारच दिवस, बजेट कमी. सिंत्रा करू का सोडू?

कर. रोसियू स्टेशनहून लोकल, चाळीस मिनिटं, तिकीट स्वस्त. पण सकाळची पहिली-दुसरी गाडी पकड, दहानंतर तिथं जत्रा असते. दोनच ठिकाणं घे, पेनाचा रंगीत राजवाडा वेळेचं तिकीट आधी काढून, आणि मग मूरिश, म्हणजे मुस्लिम राज्याच्या काळातल्या, किल्ल्याच्या भिंतीवरून चाल, बाकी सोडून दे. सिंत्राला पेन्या वेर्दे नावाची एक जुनी वाडी आहे, भारतात व्हाइसरॉय असलेल्या जुआंव द काश्त्रोची, आणि सोमनाथचा तेराव्या शतकातला संस्कृत शिलालेख तिथं नेऊन बसवला होता, अभ्यासक त्याला सिंत्रा प्रशस्ती म्हणतात. मालमत्ता खाजगी आहे, पण त्या रस्त्यानं जाताना भिंतीपलीकडे काय गेलं होतं ते आठव.

एकटीला शहर बरंच सुरक्षित आहे, मी रात्री अकरालाही चालत आलेय, फक्त फोन मागच्या खिशात ठेवू नको. रात्री एकदा तरी अल्फामात फादो, म्हणजे तिथलं पारंपरिक दर्दभरं गाणं, ऐक, महागड्या जेवणाच्या ठिकाणी नको, जिथं एका ड्रिंकवर बसू देतात तिथं. दिवे मंद करतात, गाणं सुरू झालं की वेटरही ताट घेऊन जागेवर थांबतो, बोलायचं नाही. चार दिवसांत हे सोडू नको, हवं तर एक म्युझियम सोड. आणि तुझ्याकडे जर्मनीचा रेसिडेन्स परमिट आहे तर वेगळा व्हिसा लागणार नाही. (भारतातून जाणाऱ्यांसाठी: शेंगेन व्हिसा लागतो, जायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा, आणि सगळे दिवस पोर्तुगालमध्येच राहणार तर अर्ज पोर्तुगालचाच.)

प्रश्न (रत्नागिरी): मी शाळेत मराठी शिकवते. पोर्तुगीजमधून आलेले शब्द तिथं खरंच कानावर पडतात का, का नुसतं पुस्तकात?

पडतात बाई, आणि काय आनंद होतो! सकाळी बेकरीत पांव मागायचा, तोच आपला पाव. बाजारात बटाट्याच्या ढिगावर पाटी, बाताता. अननस तर अननसच. कोबीला कोव्ह, काजूला काजू, साबणाला साबांव, चावीला शाव्ह, घमेल्याला गामेला, फितीला फीता. लिलावाच्या दुकानावर लेइलांव लिहिलेलं. डिसेंबरात सगळीकडे फेलीश नाताल, म्हणजे नाताळ हा शब्द आपण तसाच्या तसा ठेवलाय. पगार हा त्यांच्या पागार वरून, अर्थ पैसे देणं, हॉटेलात बिल द्यायची वेळ आली की मला महिनाअखेर आठवायची. चहाला मात्र ते शा म्हणतात, तो त्यांनी आणि आपण दोघांनीही चीनकडून घेतला.

माझी आई बरोबर होती. अल्फामात एका दारात एक बाई पायऱ्या धूत होती, आई बघत उभी राहिली, तिला तिचा हात चालवायचा वेग आवडला बहुतेक, आणि सहज मराठीत म्हणाली, बादली केवढी मोठी आहे गं. त्या बाईनं मान वर केली, बादलीकडे बोट केलं आणि म्हणाली, बाल्द? आई म्हणाली, बादली. ती म्हणाली, बाल्द, बाल्द! मग तिनं दाराची जनेल दाखवली, जानेला म्हणाली, आणि आमची आई सिंधुदुर्गातली, तिच्या माहेरी खिडकीला जनेलच म्हणतात. दोघी दहा मिनिटं एकेका वस्तूवर हात ठेवत बसल्या, मेज, बिजागरी, पिंप. निघताना त्या बाईनं आईचे दोन्ही हात ओले ओले धरले. तुमच्या वर्गात मुलांना असंच करायला लावा, एकेक वस्तू समोर ठेवून.

प्रश्न (कोल्हापूर): तिथल्या निळ्या जुन्या टाइल्स आणायच्या आहेत. कुठे घ्याव्यात?

जुन्या घेऊ नका, एवढीच विनंती. मंगळवारी आणि शनिवारी सांता क्लाराच्या मैदानात फेइरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो, तिथं सुट्ट्या जुन्या टाइल्स पाच-दहा युरोला मिळतात, आणि त्यातल्या कितीतरी कुणाच्या तरी घराच्या भिंतीवरून रात्री उचकटलेल्या असतात. मागे चुना चिकटलेला असतो त्यावरून कळतं. अल्फामात फिरताना भिंतीवर मधेच चौकोनी उघडी भोकं दिसतील, ती त्याचीच. नव्या घ्या, हातानं रंगवणारे कारागीर आहेत, त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन समोर बसून बघा, मागे सही आणि साल टाकून देतात. आणि कपड्यांच्या मध्ये गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा, चारपेक्षा जास्त नको, एकेक टाइल चांगली जड असते.

टाइल म्युझियमला जाल तेव्हा वरच्या मजल्यावरचं २३ मीटर लांबीचं चित्र चुकवू नका, १७०० च्या सुमाराचं, भूकंपाच्या आधीचं अख्खं लिस्बन नदीवरून दिसतं तसं. डावीकडून सुरुवात करा आणि सावकाश चालत जा, माणसं, होड्या, दारं, सगळं आहे त्यात.